संगप्पा जिन्यावरून उठेना

उदगीरच्या मोंढ्यात धान्याचा व्यापार करणाऱ्या गुंडप्पांनी नवं घर बांधलं. त्याच्या वास्तुशांतीला आलेला संगप्पा सुतार जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला, तो सहा तास उठला नाही. ही गोष्ट लोक पार औशापर्यंत सांगतात आणि चुकीची सांगतात. मला माहीत आहे, कारण चुकीची गोष्ट मीच पसरवली होती.

संगप्पा मुलखाचा अबोल. त्याच्या तोंडून शब्द काढायला पक्कड लागते, असं त्याची बायको उमादेवीच सांगते. हिशेबाला मात्र पक्का. जिना पाहिला की कठड्याला किती दांडे लागतील ते उभ्याउभ्या सांगायचा. पायरीला दोन, पंधरा पायऱ्या, तीस दांडे. चाळीस वर्षं हाच हिशेब आणि चाळीस वर्षं बरोबर, कारण इतकी वर्षं त्यानं वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचे चौकोनी दांडेच बसवले होते.

गुंडप्पांची सून शिवकांता हिनं या वेळी मोबाइलवर फोटो दाखवला. खरादावर फिरवलेले दांडे, बुडाशी जाड, मध्ये सुरईच्या मानेसारखे बारीक. संगप्पानं तसेच केले, फोटोपेक्षा देखणे केले. मोजले मात्र जुन्या हिशेबानं, बुडाशी पट्टी धरून. बुडाशी फट चार इंच. वर मानेशी ती पाच झाली, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

आलं ते वास्तुशांतीच्या सकाळी. आत पूजा चाललेली, माणसं आपल्या गडबडीत. शिवकांताची चौदा महिन्यांची सुकन्या रांगत रांगत सातव्या पायरीवर पोचली आणि तिनं दोन दांड्यांच्या मधून तोंड बाहेर काढलं. कानापर्यंत डोकं आलं. खाली फरशी. संगप्पा दारात चपला काढत होता. हाक मारावी तर पोर दचकेल. तो एकेक पायरी दबकत चढला, तिच्या मागं बसला आणि कपाळाला तळहात लावून डोकं अलगद मागं घेतलं. पोर हसली. संगप्पा तिला कडेवर घेऊन खाली उतरला.

त्यानं पोर आजीकडं दिली, बोलला काही नाही. घरात पूजेला जंगमस्वामी बसलेले, दोनशे पाहुणे येणार. अशा दिवशी लेकराच्या जिवाचं अशुभ कसं बोलायचं? आणि चूक स्वतःची. मग तो खालच्या पायरीवर बसला. मोठ्यांना वाट द्यायचा, लेकरू आलं की पाय आडवा.

मी गुंडप्पांचा मोंढ्यातला शेजारी, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की कारागिरांच्या आहेरात गवंड्याला धोतरजोडी मिळाली आणि सुताराला नुसता टॉवेल. मी शेजारच्याला म्हणालो, "रुसलाय." त्यानं पुढच्याला सांगितलं. पंगत बसेपर्यंत सगळा मांडव म्हणत होता, संगप्पा धोतरासाठी जिना अडवून बसलाय.

मी जाऊन चिमटाही काढला. "काय संगप्पा, कितीवारी धोतर पाहिजे?"

"लेकरं किती आलीत, मालक?" तो म्हणाला.

"पन्नासेक असतील."

त्यानं डोळे मिटले. तेवढ्यात तिघं पोरं धावत आली, एक त्याच्या खांद्यावरून वर निघालं. त्यानं ते तंगडीला धरून खाली ओढलं. पोर किंचाळलं, त्याची आई आली, बोलाचाली झाली. अखेर गुंडप्पा स्वतः आले, हातात कोरी धोतरजोडी, चेहरा लाल.

"घे, आणि ऊठ. माझ्या घरी आजच्या दिवशी तमाशा करून राहिलास?"

"अप्पा, धोतर नको. एक नारळ द्या."

कुणीतरी हसलं. पूजेतला सोललेला नारळ आला. संगप्पानं तो दोन दांड्यांच्या बुडाशी लावला; अडला. वर मानेशी नेला आणि हात सोडला. नारळ पलीकडं फरशीवर पडून फुटला.

शिवकांतानं सासूच्या हातातून पोर ओढून घेतली.

"सकाळी सुकन्याचं डोकं गेलतं," संगप्पा म्हणाला. "तीस न्हाई अप्पा, पंचेचाळीस लागतात. पायरीला तीन. मी बुडाशी मोजलं. चूक माझी हाय."

गुंडप्पांनी त्या फटीतून हात घालून पाहिला. मग खाली बसले, त्याच्याच पायरीवर. "सकाळीच का न्हाई सांगितलास?"

"आज कसं सांगू?"

"आजच सांगायचं असतंय रे," ते म्हणाले आणि सतरंज्या मागवल्या. चौघांनी मिळून कठड्याला वरपासून खालपर्यंत त्या बांधल्या. तरी संगप्पा उठला नाही. शेवटचं लेकरू घरी गेल्यावर, पाच वाजता, तो पानावर बसला. वाढायला मीच होतो.

"रुसव्याची गोष्ट तुमचीच ना मालक?" त्यानं मान वर न करता विचारलं.

मी त्याच्या पानात गव्हाच्या खिरीचे, हुग्गीचे, आणखी दोन डाव वाढले.