वर केलेला हात

"तुम्ही ऑटिस्टिक आहात," मला तपासणारी शिकाऊ मानसतज्ज्ञ सायली म्हणाली आणि लगेच शेजारी बसलेल्या तिच्या मॅडमकडे बघू लागली. मीही मॅडमकडेच बघितलं. मॅडमनी मान हलवली. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी माझं निदान असं दोन टप्प्यांत झालं.

ऑटिझम म्हणजे मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण. आवाज, उजेड, गर्दी सगळं जरा जास्तच आत शिरतं. मॅडम म्हणाल्या, आम्ही न्यूरोडायव्हर्सिटी मानतो, म्हणजे मेंदू नाना तऱ्हांचे असतात असं धरूनच काम करतो. तुम्हाला बदलायचं नाही, तुमचं जगणं सोपं करायचं आहे. ऐकायला छान होतं. डोक्यात मात्र एकच चाललं होतं, की आता हे लोक मला नेणार.

'नेणार' हा शब्द आमच्या घरातला. उमरेडला आजोबांकडे हातमाग होते आणि माझी आत्या मागावर बसायची. मधूनमधून तिचं बोलणं बंद व्हायचं आणि आपोआप परत यायचं. एकदा ते बरेच दिवस आलंच नाही. मग घरच्यांनी जीप ठरवली आणि तिला नागपूरच्या वेड्यांच्या दवाखान्यात नेलं. मी आठेक वर्षांची असेन. जीप निघाली तेव्हा आत्याने खिडकीतून हात वर केला. आम्हीही हात हलवले. त्यानंतर ती घरी आली नाही, आणि तिचं नाव निघालं की आईला हटकून स्वयंपाकघरात काम आठवायचं.

माझं बोलणं पहिल्यांदा बंद झालं ते लॅबच्या काउंटरवर. मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पूर्वी आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाशी माझा संसार सुखाचा चालला होता. मग लॅब मोठी झाली, सगळ्यांसाठी एकच हॉल झाला, वर पांढरेशुभ्र दिवे लागले आणि चारी बाजूंनी मशीनचे बीप सुरू झाले. एका सकाळी समोरचे काका रिपोर्ट मागत होते, मला ऐकू येत होतं, समजत होतं आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. ते म्हणाले, "मॅडम, झोपून राहिल्या का?"

एमआरआय म्हणजे मेंदूचं चित्र काढलं, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख काढला. दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आता मानसतज्ज्ञांना दाखवा. आयुष्यभर लोकांना नॉर्मल रिपोर्ट हसत हसत दिले. स्वतःचा हातात आला तेव्हा वेटिंग रूममध्ये तो तीनदा वाचला, कुठे काही सापडतंय का म्हणून.

नागपूरला धंतोलीतल्या ज्या मानसोपचार केंद्रात मी गेले, तिथे रुग्णांना भेटतात ते डॉक्टरेट करणारे विद्यार्थी. त्यांच्यावर अनुभवी मॅडमची देखरेख असते, त्याला सुपरव्हिजन म्हणतात. हे कळलं तेव्हा मी जवळजवळ परत फिरले होते. शिकाऊ पोरं शीर सापडेपर्यंत कशी टोचत राहतात ते मी रोज बघते, आणि इथे तर टोचायचं मनात होतं. शिवाय खोलीच्या कोपऱ्यात कॅमेरा. भेटीचं रेकॉर्डिंग मॅडम आणि सायली मिळून बघतात, बाहेर जात नाही, असं सांगून त्यांनी माझी परवानगी घेतली. मी दिली. दर भेटीला त्या कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायची मात्र. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं म्हणून मनोजचा, माझ्या नवऱ्याचा, नंबर दिला. मी डोकेदुखीसाठी जाते अशी त्याची समजूत होती. ती मीच करून दिली होती.

फॉर्मवर मी आत्याचा उल्लेख केला होता, त्यावरून निदानानंतरच्या एका भेटीत सायलीने विचारलं, "आत्यांबद्दल सांगाल?" मी तोंड उघडलं आणि बोलणं बंद झालं. याला शटडाऊन म्हणतात. भार जास्त झाला की फ्यूज उडतो तसं बोलणं उडतं. आतून मी अगदी जागी असते.

सायली तशी गुणी मुलगी, पण त्या दिवशी ती घाबरली. तिने विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का? विचारणं तिचं कामच होतं. उत्तर आलं नाही. तिने परत विचारलं, जवळ सरकून विचारलं, आणि मी आणखी आत गेले. मॅडम दुसऱ्या रुग्णासोबत होत्या. सायली दाराबाहेर गेली आणि मला तिचा आवाज ऐकू आला. ती मनोजला फोन करत होती. तुमच्या मिसेस बोलत नाहीयेत, लगेच या.

अशी भीती मी त्याआधी आणि त्यानंतर कधी अनुभवली नाही. पळावं म्हटलं तर पाय उचलेनात. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की मला ती जीपच वाटायची.

मॅडम आल्या. त्यांनी दिवा घालवला, पंखा बंद केला आणि सायलीला गुपचूप बसायला सांगितलं. मला म्हणाल्या, "बोलायची घाई नाही. तुम्हाला कुठेही पाठवत नाही आहोत." माझा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. आत्यालाही असंच काहीतरी सांगितलं असेल.

मनोज बुटीबोरीच्या कारखान्यातून तसाच गाडीवर आला, अंगात कंपनीचा शर्ट, हातात हेल्मेट. मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, यांना निदानाचं सांगू का? मी मान हलवली. त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. तो माझ्याजवळ आला.

"काहून नाही सांगितलं वं मले?" एवढं बोलून त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "राहू दे. आता नको बोलू."

तो शेजारी बसून राहिला. बऱ्याच वेळाने माझा आवाज परत आला.

"मले कुठं नेऊन राहिले तुम्ही?"

"घरी," तो म्हणाला. "अजून कुठं नेईन?"

मी तिथेच रडले. त्याच्यासमोर असं रडायची माझी पहिलीच वेळ.

पुढच्या भेटीला जाऊ नये असंच वाटत होतं. मनोज सोबत आला म्हणून गेले. सायलीने आधी माफी मागितली. म्हणाली, "मी घाबरले आणि तुमची शांतता मला धोक्याची वाटली. मॅडमसोबत रेकॉर्डिंग बघितलं तेव्हा दिसलं, तुम्ही मला 'थांब' म्हणून सांगत होतात. तुम्ही हात वर केला होता. मी जवळ आले तेव्हा परत केला. मी तुमच्या तोंडाकडेच बघत राहिले."

मी हात वर केल्याचं मलाच आठवत नव्हतं. मी म्हटलं, दाखवा. तिने दाखवलं. पाठमोरी मी, आणि खांद्याशी उघडा तळहात, तिच्याकडे केलेला.

"परत असं झालं तर मी काय करू?" तिने विचारलं.

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. दिवा घालवा, शेजारी बसा, कुणाला बोलावू नका, असं मी सांगितलं. आता घरी मनोजही तेच करतो. भीती गेली असं मी म्हणणार नाही. अजूनही शब्द अडकला की मी आधी दाराकडे बघते. पण तुमच्या घरात कुणी असं गप्प होत असेल, तर निदान हे एवढं त्यांना विचारून ठेवा, बोलणं चालू असतानाच. चूक करून ती कबूल करणाऱ्या त्या शिकाऊ मुलीची मी ऋणी आहे.

ते रेकॉर्डिंग मी परत लावायला सांगितलं. तो तळहात मी आधी पाहिला होता, उमरेडला, जीपच्या खिडकीत. अंगणात सगळं घर उभं होतं. आम्हा पोरांना वाटलं, आत्या टाटा करतेय.