एक्केचाळिसावी फळी

आमच्या नदीवरच्या झुलत्या पुलाला एक्क्याऐंशी फळ्या. अलीकडच्या चाळीस आमच्या गावाने सांभाळायच्या, पलीकडच्या चाळीस पलीकडच्या गावाने, असं दोन्हीकडच्या शहाण्यांनी ठरवलं. मधली एक कुणाची, हे भिजत घोंगडं तसंच पडलं. एवढे शहाणे एकत्र आले की असंच होतं.

माझा मामा आमच्या चाळीस फळ्यांचा राखणदार. रोज सकाळी अनवाणी चालत तळव्यांनी सैल फळी ओळखायचा, पान्याने नट आवळायचा आणि चाळिसावीवर थांबायचा. पलीकडून तशीच ती यायची, त्यांच्या चाळीस फळ्यांची राखणदार. नवरा गेल्यावर त्याचं काम तिने घेतलं होतं. खाली धुकं, मध्ये ती बेवारस फळी, दोन्ही बाजूंना दोघं बसलेली आणि पूल हळूहळू हलतोय. बोलणं काय, तर गंज आणि ग्रीस. अशी बावीस वर्षं गेली. त्या धुक्यात वेळ कळतच नसावी.

मामाने लग्न केलं नाही. "अरे, एकदा विचार की तिला," आई म्हणायची.

"बघू," मामा म्हणायचा.

मला त्याचा राग यायचा. दोन गावं याच्या भरवशावर नदी ओलांडायची आणि याचं घोडं मधल्या फळीपाशी अडलेलं.

यंदा ती फळी कुजली. दोन्ही गावं भांडत बसली. तेव्हा मामाने घरीच नवी फळी तासली आणि एका सकाळी खांद्यावर टाकून निघाला. पुढचं त्यानेच मला सांगितलं. धुक्यातून जवळ गेला, तर ती आधीच येऊन बसलेली, मांडीवर स्वतः तासलेली फळी. जागा एक आणि फळ्या दोन. दोघं कितीतरी वेळ हसत राहिली.

"तुमची लावू," मामा म्हणाला.

"माझीच लावा," ती म्हणाली. "तुमची घेऊन घरी चला. माझ्या दाराचा उंबरठा कुजलाय."

"कधी येऊ?"

"आता हेही विचारणार का?"

त्या दुपारी आईने मामाचं ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी ते माझ्यापुढे सरकवलं आणि रडायला लागली. इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती.

उंबरठा बसवायला फार तर दोन तास लागतात. मामा चौथ्या दिवशी आला, तोही आपले कपडे न्यायला.