अजून एक मजला

आमच्या मेहुण्यांनी उभ्या आयुष्यात एकही कागद कोरा सोडला नाही आणि एकही काम पुरं केलं नाही. हे मी रागानं म्हणत नाही. राग यायचा तेव्हा भरपूर येऊन गेला. माझ्या बायकोचे हे थोरले भाऊ, यवतमाळच्या कचेरीत कारकून. अंगानं काडी, कपाळ भलंमोठं, आणि उजव्या हाताच्या बोटांना बारमाही शाई. खुर्चीवर बसले की आधी त्यांचा डावा गुडघा हलू लागायचा, मग टेबल, मग टेबलावरची कपबशी, आणि मग समोर बसलेल्या माणसाचं डोकं. वहिनी ओरडायच्या, "अहो, घर हालून राह्यलं ना!" मग कुणीतरी लगबगीनं त्यांच्या हातात टाक द्यायचं आणि समोर हाताला येईल तो कागद सरकवायचं, की गुडघा जागच्या जागी थांबायचा. हात चालला की पाय थांबे, हात थांबला की पाय चाले. दोन्ही एकदम थांबलेले आमच्या घरात कुणी पाहिलेले नव्हते.

कागदावर ते काय काढत, हे विचारायची सोय नव्हती. बारीक बारीक रेघा, एकीतून दुसरी फुटलेली, वळसे, जाळ्या, टिंबांच्या रांगा, डोळ्यांसारखं काहीतरी जे डोळे नव्हते आणि पानांसारखं काहीतरी जे पानं नव्हती. नवखा पाहुणा हमखास विचारायचा, "कशाचं चित्र आहे हो हे?" मेहुण्यांचा चेहरा लगेच पडायचा. "कायचं म्हंजे? काहीचंच नाई. ते त्येच हाये." लग्नपत्रिका आली की तिथी-मुहूर्त वाचायच्या आधी तिच्या चारी कडा भरून जायच्या. ताटात वरण वाढलं तर बोटानं वरणात वळसे. मयतीला गेले तर तिथंही काडीनं मातीत रेघोट्या, आणि मयताच्या घरची मंडळी रडता रडता वाकून बघत. एकदा कचेरीत साहेबांनी तासभर शिस्तीवर भाषण दिलं. मेहुणे खाली मान घालून भराभर लिहीत होते. साहेब खूष झाले आणि कागद मागितला. कागदभर नुसता गुंता! "हे काय आहे?" साहेबांनी विचारलं. मेहुणे नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुमी बोलून राह्यले होते ना, त्येच हाये." त्यानंतर त्यांची बदली दारव्ह्याला झाली. तिथून पुसद, पुसदहून वणी, आणि फिरून यवतमाळ. बदलीचा हुकूम हातात पडला की आधी त्याच्या पाठीवर रेघोट्या, मग सामानाची बांधाबांध.

टाकावरून ते कात्रीवर कसे आले, त्याचं खापर मी सरकारवर फोडतो. छप्पन साली आमचा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला आणि कचेरीतले जुन्या राज्याचं नाव छापलेले जाड कागद एका दिवसात रद्दी झाले. साठ साली महाराष्ट्र झाला, पुन्हा तोच प्रकार. मेहुण्यांचं म्हणणं असं की सरकारनं दोनदा राज्य बदललं ते त्यांना कागद पुरवण्यासाठीच. एवढे कागद रेघांनी भरणं त्यांच्याही हातून होईना, तेव्हा त्यांनी रेघांमधली जागा कापून काढायला सुरुवात केली. न्हाव्याकडून आणलेलं वस्तऱ्याचं मोडकं पातं, करंगळीएवढी कात्री आणि बाभळीचा डिंक, एवढं सामान. एक कागद कापायचा, त्याच्या भोकांतून दिसेल असा दुसरा कापून खाली लावायचा, त्याखाली तिसरा. दोन कागदांमध्ये तुराटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काडीच्या, चकत्या चिकटवायच्या, म्हणजे कागद एकमेकांपासून सुटे उभे राहत आणि आत सावल्या पडत. सकाळी बघावं तर एक दिसे, उतरत्या उन्हात दुसरंच. चौकटीत बसवलेल्या या थरांना ते मजले म्हणत. स्वतः जन्मभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले, पण कागदावर त्यांचे मजल्यांवर मजले चढत होते.

मात्र इमारत काही पुरी होत नसे. "झालं का?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "अजून एक मजला राह्यला." खाटेखाली, कपाटामागे, देव्हाऱ्याच्या फळीवर अर्धवट चौकटी पडलेल्या असत. वहिनी झाडू मारताना एकेक चौकट उचलून खाली ठेवत आणि नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत. कुणाला चौकट देऊन टाका म्हटलं तर देत नसत, आणि काच लावा म्हटलं तर अंगावर येत. काच लावली की वस्तू पुरी झाली म्हणायची, आणि त्यांना ती धास्ती होती. मी एकदा चिडून विचारलं, "अहो, एक तरी पुरं करा की! पुरं केल्यानं काय बिघडतं?" ते कात्री थांबवून म्हणाले, "पुरं झालं का मानसाले उठून जा लागते, भाऊजी." आणि लगेच त्यांचा गुडघा हलायला लागला, म्हणून मी विषय सोडला.

या माणसावर माझ्या मुलीच्या संसाराची मदार ठेवायची वेळ येईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आमची कुसुम थेट मामाच्या वळणावर गेलेली. पायाला भिंगरी, एक टाका धड नाही. मारेगावचं चांगलं घर चालून आलं. कापसा-तुरीची शेती, शांत मुलगा, आणि घरात सगळ्यांना सरळ करणारी त्याची आई. लग्न ठरलं आणि आमच्या लक्षात आलं की रुखवतात मांडायला काही नाही. मुलीच्या हातचं म्हणून मांडतात तो रुखवत. आमच्या मुलीच्या हातचा एक अर्धा विणलेला रुमाल होता, आणि तोही तिनं रागानं उसवला होता. बायकोनं भावाचे पाय धरले. मेहुणे बसले आणि खरोखर कधी नव्हे ते झपाटल्यासारखे बसले. लग्नाच्या सकाळी मांडवात सनई वाजत होती, आणि मामा खोलीचं दार लावून पाचव्या मजल्यावर होता. शेवटी बायकोनं दार ढकललं आणि चौकट त्यांच्या हातातून अक्षरशः हिसकावून आणली. मागून ते ओरडत होते, "अवो, उजवा कोपरा राह्यला ना! खालचा!"

रुखवतापाशी विहीणबाई आल्या. लाडू, करंज्या, कापसाची फुलं, सगळं भराभर बघत आल्या आणि त्या चौकटीपुढे थांबल्या. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. त्यांनी "कशाचं आहे" असं विचारलं नाही. मला ती बाई तिथंच आवडली. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरीच्या हातात कला हाये हो. आमच्या घरात असं कोनालेच येत नाई." आम्ही सगळे आपापल्या पायांकडे बघत उभे राहिलो. रुखवतात ज्याचं त्यानं काय केलं ते सांगायची रीत नाही, आणि मेहुणे तर मुलीला बोहल्यावर घेऊन जायच्या गडबडीत होते.

आषाढातल्या पहिल्या आखाडीच्या सणाला कुसुम माहेरी आली ती रडतच. झालं होतं असं, की त्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी, बसतात. विहीणबाईंनी ठरवलं की सुनेच्या हातची ती चौकट ज्येष्ठेच्या मागे लावायची. मग कनिष्ठेच्या मागे काय? देवीदेवीत दुजाभाव होतो. तेव्हा सुनेनं महालक्ष्म्यांच्या आत तिचा जोड करून ठेवावा, अगदी तसाच. साऱ्या भावकीला सांगूनही झालं होतं. "मले कात्रीही धरता येत नाई, आई," कुसुम म्हणाली. "त्या रोज इचारतात, कवा सुरू करतेस. खोटं निघालं तं मले त्या घरात तोंड वर काढता येईन का?" नवी सून, पहिला सण, आणि घरात आल्याआल्या खोटेपणाचा शिक्का.

मेहुण्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तस्संच?" हा शब्द त्यांनी पूर्वी कधी उच्चारलाच नसावा. "एकदा गेलेली रेघ परत कशी आनू बा मी?" तरी बसले. चार कागद फाडले, खोलीत येरझारा घातल्या, पुन्हा बसले. मूळ चौकट डोळ्यांपुढे हवी म्हणाले. म्हणून मग श्रावणात, मुलीला पोचवायच्या निमित्तानं, कुसुम, मी आणि मेहुणे असे तिघं वणीच्या एसटीत बसलो. वाटेत तपासनीस चढला. मेहुण्यांनी खिशातून तिकीट काढून दिलं, तर त्यात कागदापेक्षा भोकं जास्त. तपासनीस त्यातून पलीकडे माझ्याकडे बघत राहिला. मेहुणे म्हणाले, "तिकीटच हाये साहेब, थोडं हवेशीर झालं." कंडक्टरनं साक्ष दिली म्हणून आम्ही मारेगावपर्यंत पोचलो.

मी त्यांना रस्ताभर बजावत होतो. नुसतं बघायचं. हात मांडीखाली ठेवायचे. ते मान डोलवत होते. बैठकीत आम्हाला बसवलं, चहा आला. समोरच्या भिंतीवर ती चौकट, धूळ बसू नये म्हणून वर मलमलचा फडका. विहीणबाईंनी तो कौतुकानं बाजूला केला आणि मेहुण्यांचा गुडघा हलायला लागला. मी डोळ्यांनी दटावलं. विहीणबाई पावसापाण्याचं बोलत होत्या, मी हो-हो करत होतो, आणि एवढ्यात शेजारची जागा रिकामी झालेली मला दिसली. मेहुणे भिंतीपाशी होते. चौकट खाली उतरली होती, मांडीवर आली होती. खिशातून कात्री निघाली, हवेशीर तिकीट निघालं, आणि राहिलेल्या खालच्या उजव्या कोपऱ्यात काम सुरू झालं होतं. माणूस कुठे बसला आहे, कशासाठी आला आहे, सगळं विसरला होता. माझ्या हातातल्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

विहीणबाई बोलायच्या थांबल्या. स्वयंपाकघराच्या दारात कुसुम भिंतीसारखी पांढरी. मग बाई म्हणाल्या, "मामाजी, हे तुमच्या हातचं हाये काय?"

मेहुण्यांनी मान वर केली आणि त्यांना जाग आली. त्यांनी कुसुमकडे पाहिलं. जन्मभर ज्या माणसानं आपल्या एका रेघेला कुणाला हात लावू दिला नाही, तो माणूस चक्क म्हणाला, "नाई बाई. पोरीचंच हाये. मी तं तिच्यापासून शिकून राह्यलो." इतकं वाईट खोटं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बोटांवर शाई, कात्रीच्या कडीनं अंगठ्याला पडलेला घट्टा, आणि हा म्हणतो शिकतो आहे. विहीणबाई त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या, मग सुनेच्या हातांकडे. मला वाटलं, संपलं. बाई उठल्या, आत गेल्या, आणि एक पाट आणून त्यांनी कुसुमपुढे आदळला. "मंग शिकव त्याईले, माझ्यासमोर. अन् मामाजी, पुरं शिकल्याबिगर तुमाले जाऊ देनार नाई."

महालक्ष्म्यांपर्यंत मेहुणे मारेगावात अडकले. कचेरीत काय कळवलं ते कचेरीच जाणे. ओसरीत मामा-भाची समोरासमोर बसत, दोघांचेही गुडघे हलत, आणि मध्ये कागद आला की दोघांचेही थांबत. जो शिकत होता तो शिकवत होता आणि जी शिकवत होती ती बोटं कापून घेत होती. विहीणबाई वाती वळत बघत बसत, कधी म्हणत, "सूनबाई, मामाले नीट दाखव ना!" आणि पदर तोंडाला लावत. सणाला मी गेलो तर कनिष्ठेच्या मागे दुसरी चौकट उभी होती. जरा वेडीवाकडी, पहिलीसारखी मुळीच नव्हती. भावकीतल्या एका म्हातारीनं नेमकं तेच बोलून दाखवलं. विहीणबाई फणकारल्या, "बहिनी हायेत त्या, जुळ्या नाईत." तिथून पुढे माझ्या मुलीकडे त्या घरात कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही.

मेहुणे मात्र कुरकुरतच होते, "अजून एक मजला राह्यला." बाई म्हणाल्या, "पुढच्या साली लावा." झालं, दरवर्षी महालक्ष्म्यांना मामाजींचं बोलावणं ठरलं. दरवर्षी दोन्ही चौकटींवर एकेक मजला चढायचा. कुसुमचा हात इतका बसला की कोणता मजला कुणाचा ते मलाही सांगता येईना. चौकटी फुगून भिंतीपासून वीतभर पुढे आल्या. पहिलीचा तो खालचा उजवा कोपरा तेवढा दरवर्षी राहून जायचा. तो ते मुद्दाम ठेवत, हे सगळ्यांना कळत होतं.

शेवटच्या वर्षी ते आले ते माझ्या खांद्यावर हात ठेवून. खोकला आटोक्यात नव्हता. ओसरीत बसवलं, ज्येष्ठेची चौकट मांडीवर दिली, कुसुमनं कात्री दिली. त्यांनी चौकट फिरवून फिरवून पाहिली. मग कात्री बाजूला ठेवली आणि म्हणाले, "झालं बा आता."

त्यांचा हात थांबलेला होता आणि गुडघाही. सगळ्या घरानं जन्मभर ज्या शब्दासाठी त्यांच्या मागे लागावं, तो शब्द आला आणि कुणालाच तो ऐकवेना. कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. आणि आमच्या त्या विहीणबाई, ज्यांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या नैवेद्याच्या आंबिलीचं पातेलं तसंच टाकून धावत आल्या. "झालं काहून म्हंता, मामाजी? हा कोपरा पाहा ना, केवढा राह्यला! झालं नका म्हनू."

मेहुणे हसले. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हो बाई. राह्यला खरा." मग कात्री खिशात ठेवून दिली.

त्या हिवाळ्यात ते गेले. दोन्ही चौकटी अजून महालक्ष्म्यांच्या मागे लागतात. कुसुम दरवर्षी एकेक मजला चढवते, तिच्या मुली डिंक लावतात. तेवढ्या कोपऱ्याला मात्र ती कुणाला हात लावू देत नाही, आणि मी तिथं गेलो की माझी नजर आधी त्या कोपऱ्याकडे जाते.