बाराचं अ‍ॅव्हरेज

त्यांना सगळे सावकाशकाका म्हणत. बावीस वर्षांत त्यांच्या पिकअपने कुणाला ओव्हरटेक केलंच असेल, तर हातगाडीला. आता असल्या माणसाची गाडी डिझेल ढोसते म्हणजे कमालच म्हणायची.

पण ढोसत होती खरी. लिटरला जेमतेम आठ किलोमीटर. काका नर्सरीची रोपं पोचवत आणि डिझेल नर्सरीवाल्या बाई भरत. बाईंनी शेवटी सांगून टाकलं, "काका, महिनाअखेरपर्यंत बाराचं अ‍ॅव्हरेज दाखवा. नाहीतर मला दुसरी गाडी लावावी लागेल."

काका हात धुऊन गाडीच्या मागे लागले. एअर फिल्टर बदलला, टायरमधली हवा रोज तपासली, नोझल साफ करून घेतले, टपावरचं लोखंडी कॅरिअर काढून जिन्याखाली टाकलं.

"आता मीपण बसायचं नाही का गाडीत?" बायकोने विचारलं.

"तू बस. पर्स घरी ठेव."

एवढं करून साडेआठ. काकांचा जीव टांगणीला लागला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यांचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, "आज मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा." टाकी फुल, तेच ओझं, तोच रस्ता. परत येऊन पुन्हा टाकी भरली आणि हिशेब निघाला तेराचा.

"जमलं की रे," काका म्हणाले.

मेकॅनिक हसला नाही. "गाडीला काही झालंच नव्हतं, काका. तुमचा पाय खोल जातो, मग ब्रेक मारता, परत खोल. जरा बूट काढा बघू. टोचलं की सांगा."

काकांनी उजवा पाय पुढे केला आणि पंपावरची रांग बघत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "टोचतोयस ना? टोच की."

मेकॅनिकने तळव्याकडे बोट दाखवलं. काकांनी खाली पाहिलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक तळव्यात रुतलेलं होतं.

"हाच पाय ब्रेकवर असतो, काका," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात बाईंचा फोन आला. "झालं का बारा?"

"तेरा झालं, बाई."

"वा. मग उद्या सकाळी या, दोनशे कुंड्या शाळेत पोचवायच्यात."

त्यांना हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं.

"गाडी पाठवतो," ते म्हणाले. "ड्रायव्हर मात्र तुम्ही बघा."