आईच्या तसबिरीतली हनुवटी

थोरल्या भावाच्या लग्नातल्या फोटोत आईचा फक्त खांदा आणि अर्धा हात आला आहे. ती चुलीपासून उठून नीट उभी राहीपर्यंतही थांबायला भाऊ तयार नव्हता. तिचा दुसरा फोटो कधी निघालाच नाही. त्याबद्दल मी त्याला आजही माफ केलेलं नाही.

चिंचवडला नव्या कंपन्या येत होत्या. त्यांना लाकडी खोकी पुरवून मी घर बांधलं. तिथं आईची तसबीर हवी म्हणून स्टेशनजवळच्या पेंटरकडे गेलो. फोटो, रंग, कापड, मणी असं सगळं जोडून तो गेलेल्या माणसांच्या तसबिरी करायचा. भाव पाडून पाडून मी त्याला रडकुंडीला आणलं.

"जमलं, शेठ. आता नाक सांगा. सरळ की बसकं?"

मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. तिचा आवाज आठवत होता, हातांचा राखेचा वास आठवत होता. चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

"पेंटर तू का मी?" मी ओरडलो.

"ओरडून नाक येत नाही, शेठ. तुम्ही आईवर गेलात का?"

"लोक म्हणायचे तसं."

"मग बसा स्टुलावर."

त्यानं माझा फोटो काढून मोठा केला, मिशी रंगाखाली घालवली, कपाळावर कुंकू लावलं. खाली लग्नातल्या फोटोतला तिचा खांदा जोडला. वर तिच्या लुगड्याचा तुकडा आणि काळे मणी चिकटवले.

तसबीर भिंतीवर चढली. तेव्हापासून डोळे मिटले की हीच आई दिसायची, माझी हनुवटी घेऊन. उरलीसुरली खरी आईही पुसली जातेय, या भीतीनं मी तसबिरीकडे पाठ करून जेवायचो.

शेवटी अबोला मोडून मोशीहून भावाला बोलावलं. त्यानं तिला माझ्यापेक्षा जास्त वर्षं पाहिलेलं. चूक त्याला दिसेल, मग दुरुस्त करून घेऊ.

"आली का आठवण थोरल्याची?" दारातच त्यानं टोमणा मारला. मग तसबीर दिसली आणि तो चपला काढून तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"नीट बघ, दादा. कुठं चुकलंय?"

त्यानं हात जोडले. डोळे भरून आले होते.

"कुठंच न्हाई रं. आईच हाय ही."

हनुवटी माझी आहे, असं ओरडायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग तिची कशी होती, असं त्यानं विचारलं असतं तर?