बांगड्यांसाठी प्रीअ‍ॅम्प

लग्न झालं त्या वर्षी मी एका बाईंच्या ठुमरीची कॅसेट आणली होती. दुसऱ्या अंतऱ्याआधी बाई क्षणभर थांबतात आणि त्या शांततेत त्यांच्या हातातल्या बांगड्या किणकिणतात. एकदाच. हे पहिल्यांदा बायकोच्या ध्यानात आलं. "ऐकलं का, बाईंनी हात हलवला," ती म्हणाली, आणि तेव्हापासून आम्ही ठुमरी कमी आणि बांगड्याच जास्त ऐकू लागलो. संसारात तेव्हा एक कॉट, एक स्टो आणि या बांगड्या एवढंच होतं.

पुढे कॅसेटची फीत हेडमध्ये गुंतून मेली, गाणं मोबाइलवर आलं, मी निवृत्त झालो, आणि विजय नगरच्या घरात एका निवांत दुपारी ठुमरी लावली तर बांगड्या गायब. बाई थांबल्या, शांतता आली, गेली आणि अंतरा सुरू झाला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मला खरोखर वाईट वाटलं. घरातली एखादी जुनी वस्तू कोणी न विचारता भंगारात घालावी तसं वाटलं.

मी कारखान्यात फोरमन होतो, तोही घणाच्या शेडमध्ये. काम बिघडलं की यंत्र बिघडलेलं असतं, माणसं उगाच एकमेकांना दोष देतात, असं माझं मत नोकरीभर टिकलं होतं. तेव्हा निदानाला वेळ लागला नाही. मोबाइलमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात, आणि मोबाइलमधला डॅक असतो फुकटातला. त्यानंच बांगड्या खाल्ल्या. उरलेल्या आवाजाला अ‍ॅम्प्लिफायरकडे धाडण्याआधी जो सांभाळून उचलतो तो प्रीअ‍ॅम्प. आमचा प्रीअ‍ॅम्प कॅसेटच्या काळातला. तोही थकलेला असणारच.

"दोन्ही बदलावे लागतील," मी जाहीर केलं.

"काहून?" आई म्हणाली. आईनं ऐंशी ओलांडली आहे आणि घरातल्या प्रत्येक खरेदीवर तिचा हा पहिला प्रश्न असतो.

मी पुरावा दिला. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. शिलाई मशीन, मिक्सर, माझी स्कूटर आणि हा प्रीअ‍ॅम्प. आई तेलात कालवलेलं कुंकू लावते, आणि प्रीअ‍ॅम्पच्या बाबतीत तिची एक रीत आहे. आवाजाची खुंटी ज्या जागी नेहमी थांबते तिथेच, तिच्या टोकासमोर, बोट टेकवायचं. पुसायचं नाही. त्यामुळे खुंटीभोवती इतक्या वर्षांच्या लाल डागांची कमान झालेली होती. सगळ्यात फिकट डाग घड्याळातल्या आठाच्या जागी, त्यानंतरचे नऊ, दहा, अकरा असे चढत गेलेले, आणि परवाच्या दसऱ्याचा ताजा डाग थेट दोनावर.

"बघ," मी बायकोला म्हटलं, "तेच गाणं, तीच खुर्ची, आणि दर वर्षी खुंटी आणखी पिळावी लागते. मशीन म्हातारी होत चालली आहे. यापेक्षा मोठा पुरावा कोर्टातसुद्धा मिळत नाही."

बायकोनं डागांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती शाळेत शिकवायची. चुकीचं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला पुरतं लिहू द्यायचं, अशी तिची पद्धत होती. "करा काय करायचं ते," ती म्हणाली, "पण बजेट म्हणजे कूलर विकून येतील तेवढेच."

आमच्याकडे कूलर दोन होते आणि दिवस थंडीचे होते. उन्हाळ्याचं उन्हाळ्यात पाहू म्हणून मी मोठा विकला.

आधी डॅक आला. एवढ्या गाजावाजानंतर खोक्यातून निघालेली वस्तू पाहून आईनं विचारलं, "साबणदाणी आहे का बाप्पा?" मी तो जोडला, ठुमरी लावली. बाई थांबल्या. शांतता अगदी स्वच्छ, धुतल्यासारखी होती, पण बांगड्या नव्हत्या. म्हणजे दोष प्रीअ‍ॅम्पमध्ये आहे, हे सिद्ध झालं.

उरलेल्या पैशात नवा प्रीअ‍ॅम्प मिळेना, म्हणून सिविल लाइंसमधल्या एका सद्गृहस्थाकडून जुना घेतला. त्यात जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दोन व्हॉल्व्ह होते. सुरू केल्यावर ते नारिंगी उजळले तेव्हा आईनं हात जोडले. "देवाजवळ ठेव रे, समई वाचेल," ती म्हणाली. मी ठुमरी लावली आणि खुंटी हळूहळू वर नेऊ लागलो. नऊ, अकरा, एक, दोन. आईनं कानांवर पदर दाबला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. शेजाऱ्यांनी गच्चीवरून आवाज दिला, "भाईसाहब, शादी है क्या घर में?" बांगड्या मात्र नाहीत त्या नाहीतच.

त्या काळात माझं घरातल्यांशीही बिनसलं होतं. सगळे तोंडातल्या तोंडात बोलू लागले होते. कुकरच्या शिट्ट्या कंपनी हल्ली कमजोर बनवते असं माझं म्हणणं होतं, आणि त्यापायी दोनदा डाळ जळाली. बायको मांजरासारखी येऊन मागे उभी राहायची. "अगं, काही आवाज करत जा की," मी दचकून म्हणायचो. ती चहा ठेवून जायची.

आईनं एकदा विचारलं, "तुला ऐकू येऊन नाही राहिलं का रे?"

"मला?" मी म्हटलं. "काल ग्वारीघाटला नदीच्या आरतीची घंटा मला सगळ्यात आधी ऐकू आली."

"ती नदीच्या त्या काठाला पण ऐकू येते," आई म्हणाली.

शेवटी मी शास्त्रीय पद्धतीनं चाचणी घ्यायचं ठरवलं. आई आणि बायको दोघींना खोलीत बसवलं. बांगड्या ऐकू आल्या तर हात वर करायचा, एवढंच काम. गाणं लावलं. बाई थांबल्या आणि दोघींचे हात एकदम वर गेले.

मला संशय आला. सासू-सुनांची अशी एकजूट एरवी फक्त माझ्या खाण्यापिण्याच्या बाबतीत दिसते. मी आईचं तोंड देवाकडे केलं, बायकोचं खिडकीकडे. पुन्हा लावलं. हात पुन्हा एकाच क्षणी वर. मग मी त्यांना न सांगता डॅक काढला, व्हॉल्ववाला प्रीअ‍ॅम्प काढला, आपला डागाळलेला प्रीअ‍ॅम्प परत जोडला आणि मोबाइलची तार सरळ त्यात खुपसली. खुंटी कमी ठेवली, आठाच्या फिकट डागावर. मला गाणंच जेमतेम ऐकू येत होतं. बाई थांबल्या असाव्यात, कारण दोघींचे हात वर गेले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी त्या डागांच्या कमानीकडे बघत राहिलो. जे यंत्र म्हातारं झालं म्हणून मी कूलर विकला ते यंत्र ठणठणीत होतं. आठावरून दोनावर यंत्र गेलं नव्हतं, मी गेलो होतो. दर दसऱ्याला आईनं माझ्या कानांनाच कुंकू लावलं होतं. शेडमध्ये कानात बोळे घालणाऱ्यांना आम्ही नवरी म्हणून चिडवायचो, तेही आठवलं.

"तुला माहीत होतं?" मी बायकोला विचारलं.

"खुर्चीतून ओरडून म्हणायचात, आवाज करत जा," ती खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाली. "त्यानंतर मी बांगड्या दोनाच्या चार केल्या. चाराच्या सहा केल्या. आता कोपरापर्यंत भरू का?"

मी तिच्या हातांकडे पाहिलं. खरंच सहा-सहा होत्या. रोज समोर असून मला दिसल्या नव्हत्या, म्हणजे डोळ्यांचंही एकदा बघायला हवं होतं. मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. बाईंच्या बांगड्या गेल्या तर गेल्या, पण ही घरभर वाजत फिरत होती आणि मला सगळी खोली मुकी वाटत होती.

आई देवाकडे तोंड करूनच म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. आता फिरू का मी इकडे?"

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि एक शेंगदाण्याएवढी वस्तू दाखवली. यात आवाज घेतला जातो, त्याचे आकडे होतात, आकड्यांचा पुन्हा आवाज होतो आणि तो वाढवून कानात सोडला जातो, असं ते समजावू लागले. म्हणजे डॅक आणि प्रीअ‍ॅम्प, मी म्हटलं. डॉक्टर माझ्याकडे आदरानं पाहू लागले. बायको म्हणाली, "यांचा त्यात खूप अभ्यास आहे, डॉक्टरसाहेब." बजेट संपलेलं होतं, म्हणून नारिंगी दिवेवाला प्रीअ‍ॅम्प ज्यांचा होता त्यांनाच परत दिला. साबणदाणीला गिऱ्हाईक मिळालं नाही. तिच्यात आई आता फुलवाती ठेवते.

यंत्र कानात घालून घरी आलो तेव्हा पहिले काही दिवस नकोसे झाले. पंखा कुरकुरत होता, भांडी भांडत होती, आणि आई जपाच्या मधे माझ्याबद्दल काय काय पुटपुटते तेही कळलं. उन्हाळा आला तेव्हा एका छोट्या कूलरसमोर तिघं बसलो, आणि त्याची घरघर मला पूर्ण ऐकू येत होती.

दसऱ्याला आईनं यंत्रं पाटावर मांडली. कानातलं काढून दे म्हणाली. मी दिलं. तिनं त्याच्या डबीला कुंकू लावलं आणि परत दिलं. मग ती प्रीअ‍ॅम्पकडे वळली, खुंटी बघितली आणि तेलाचं बोट नऊच्या जुन्या डागावरच टेकवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवी जागा लागली नाही.

दुपारी मी ठुमरी लावायला बसलो. गाणं शोधत मोबाइलवर वाकलो होतो, पाठ स्वयंपाकघराकडे होती, अजून काही सुरू केलं नव्हतं. तेवढ्यात मागून, लांबून, काचेची बारीक किणकिण आली. थांबली. पुन्हा आली.

मी मान न वळवता विचारलं, "आलीस?"

ती दारातच थांबली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही, तेव्हा मला वाटलं यंत्र बंद पडलं. वळून पाहिलं तर तिनं चहाचा कप एका हातात घेतला आणि दुसरा हात हळूच, मुद्दाम, एकदा हलवला.