त्याच्या चपला

औरंगपुऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरून देणारा एक जण आहे. त्याचं नाव मला माहीत नाही. फॉर्मला फोटो चालला नाही की म्हणतो, "पीएनजी हाय मावशी, जेपीजी लागतंय. थांबा, करून देतो." बोलताना माणसाकडं बघत नाही, फोटोकडंच बघतो.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली आहे. मेलेल्या माणसाचा फोटो असला की तो टेबलाखाली चपला काढतो. माणूस गेलेला आहे, हे त्याला आधी कुणी सांगितलेलं नसतं.

काल मी माझ्या नवऱ्याचा फोटो नेला. कामाला जातो म्हणून ते घरातून गेले, त्याला सहा वर्षं झाली. शोधाच्या अर्जाला फोटो जोडायचा होता. मी त्याला काहीच सांगितलं नाही. त्यानं फोटो उघडला आणि त्याचे पाय चपलांतून बाहेर आले.

मी कधी मोठ्यानं बोलत नाही. काल बोलले. "चपला घाला दादा. जित्ते हाईत ते."

"व्हय मावशी, चुकलं," म्हणत त्यानं घातल्या.

अर्ज झाला. उठताना मी टेबलाखाली पाहिलं. त्याचे पाय पुन्हा उघडे होते.